अर्ध्या घराची आरास

आमच्या वाडीत एक घर आहे, ऋतू बदलला की त्या घराला चादर लागते. ओटीच्या टोकाच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत सुंभाची दोरी, दोरीवर जुनी पांढरी चादर, आणि चादरीमागे दिवसभर ठोकाठोकी, खुडबुड, मधूनच स्वतःलाच घातलेली एखादी शिवी. चादर आहे तोवर त्या घरात कुणाला प्रवेश नाही. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर खुद्द सरपंच असो. मागे एकदा गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन आमची चढण चढून आला. घामानं नुसता निथळत होता बिचारा. आतून आवाज आला, "आज सीझन चेंज हाय. उद्या ये."

"कसला सीझन?" गॅसवाल्यानं विचारलं.

"थंडीचा."

"अहो, पण सिलिंडर आणलाय ना!"

"काच झाकलेली असताना दुकानात शिरतात काय रे? मुंबय बघितली नाय वाटतं कधी!"

शेवटी सिलिंडर माझ्या ओटीवर उतरला आणि त्या माणसाला पाणीही मीच दिलं. शेजारधर्म म्हणून मला काय काय करावं लागतं, ते सांगायला बसले तर इथंच संध्याकाळ होईल.

तर हे शांतारामतात्या. नात्यानं माझे लांबचे चुलतसासरे, त्यांच्या अंगणाला लागून आमचं अंगण. वाडी त्यांना शोकेस तात्या म्हणते, तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. उभी हयात त्यांनी दादरला एका साडीच्या दुकानात शोकेस सजवण्यात घालवली. काचेआड मान वाकडी करून उभे असलेले पुतळे असतात ना, त्यांना साड्या नेसवायच्या, हातात पर्स अडकवायची, दसऱ्याला पायाशी आपट्याची पानं पसरायची, दिवाळीला पणत्या मांडायच्या, हे त्यांचं काम. लग्न मात्र जमलं नाही. दोनदा जमत जमत राहिलं. "दुनियेच्या बायांना साडी नेसवली गो, आपली बाय काय गावली नाय," असं ते हसत हसत सांगतात, आणि ऐकणाऱ्याला हसावं की काय करावं ते कळत नाही.

मी मूळची महाडची, भर बाजारपेठेतली. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला या वाडीत आले. पोलादपूरला एस्टी स्टँडाजवळ माझं शिवणाचं दुकान आहे. माझं तोंड तिखट आहे असं गिऱ्हाइकंच म्हणतात. म्हणोत बापडी. ब्लाउज अंगावर नीट बसतो, म्हणून परत माझ्याकडेच येतात.

तात्या रिटायर होऊन गावी आले ते ट्रंकेत टाचण्या, सुतळ्या आणि एक चिमुकली हातोडी घेऊन. घर साधंच. कौलारू, मातीच्या भिंती, पुढे ओटी, अंगणात तुळस. लोकांना वाटलं, म्हातारा आता चार झाडं लावील, भजनाला बसेल. तात्या पहिल्याच आठवड्यात पायवाटेवर जाऊन उभे राहिले, एक डोळा बारीक करून घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "फ्रंटेज चांगला हाय. डिस्प्लेच नाय."

आता या पायवाटेवरून दिवसभरात जाणार कोण? मी, दूधवाला आणि धोंडूआबांचे बैल. धोंडूआबा म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. पण तात्यांचा पहिला नियम, "जाणाऱ्याचा पाय थांबला पायजे." एका थंडीत आबांच्या बैलाचा पाय खरंच थांबला, आणि त्यानं भाताच्या पेंढ्याचं तोरण, नाचणीची कणसं, वालाच्या शेंगांची झालर असा निम्मा डिस्प्ले खाऊन टाकला. तात्या काठी घेऊन धावले, पण मारवेना त्यांच्यानं. मला म्हणाले, "पाय तर थांबला ना गो त्याचा!"

दुसरा नियम, विकत काही आणायचं नाही. "इकत आणून काय, कोन पन सजवील," असं म्हणून नाक मुरडायचं. त्यामुळे रान त्यांचं गोडाऊन आणि माझं दुकान त्याची शाखा. कापडाची कातरणं मी पिशवीत भरून ठेवायची, आणि त्यातही लाल वेगळी, निळी वेगळी. एकदा मी सगळी एकत्र भरली, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पावसाळ्यात त्यांच्या भिंतीवर जुनं इरलं चढतं. पूर्वी बाया लावणीला डोक्यावर घ्यायच्या ते पानांचं. त्याच्या पोटात कंदील. नारळाच्या करवंट्यांत माती भरून ओढ्याकाठचे नेचे लावतात आणि वाशाला एकाखाली एक टांगतात. दाराच्या दोन्ही अंगांना पितळी घागरीत तेरड्याचे भारे. बाहेर धो धो कोसळत असतं, भिंती ओल्याचिंब, आणि या ओटीवर मात्र सगळं हिरवं-गुलाबी. उन्हाळ्यात त्यांचा हुकूम सुटतो, "गरम कलर बंद!" मग पळस कितीही फुललेला असो, त्याला दारात जागा नाही. घंगाळात पाणी आणि पाण्यावर कुड्याची पांढरी फुलं. गेरू फासलेल्या मडक्यांवर चुन्याचे ठिपके. दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर तात्या दुपारभर पाणी मारत बसतात. थंडीत माझ्याच कातरणांच्या स्वतः शिवलेल्या गोधड्या बाकड्यावर अशा टाकतात की वाटावं, कुणीतरी आत्ताच उठून आत गेलंय. "ऊब नुसती असून चालत नाय गो," ते मला समजावतात, "ती लांबून दिसली पायजे."

टाका मात्र त्यांचा असा काही ओबडधोबड, की मला बघवत नाही. मी म्हटलं, तात्या, द्या मशीनवर मारून देते. तर म्हणाले, "नको. मशीनचा टाका थंड असतो." घ्या! माझ्या पोटापाण्याचा टाका थंड!

थंडीतल्या डिस्प्लेत पायऱ्यांवर लाल भोपळे मांडलेले असतात. एकदा माझे पाहुणे यायचे होते, मला घारगे करायचे होते. म्हटलं, तात्या, एक भोपळा द्या.

"तो डिस्प्ले पीस हाय."

"अहो, भोपळा आहे तो!"

"शोकेसमधला माल इकायला नसतो, सुमन. आत बघ, स्टॉकमध्ये हाय काय."

आत होता कुठला स्टॉक? सगळे भोपळे पायऱ्यांवर. मी रागारागानं घरी आले आणि पाहुण्यांना शिरा केला. महिन्याभरानं सीझन चेंज झाला, तेव्हा तात्या तो भोपळा स्वतः उचलून माझ्याकडे घेऊन आले. "आता हा रिटायर झाला, घे," म्हणाले. आतून पार वाळून गेला होता. पण बिया चांगल्या निघाल्या, माझ्या परसातला वेल त्याच बियांचा आहे.

माझ्या नवऱ्याच्या मावसभावाचं हिरकणीवाडीत पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल आहे. गडाच्या रोपवेला येणारी गर्दी दारावरून सरळ पुढे जायची. त्यानं तात्यांना बोलावलं. तात्या दोन दिवस तिथं राहिले, कुडाच्या भिंतीला जुनी सुपं लावली, छपरावर दुधीचा वेल चढवला, उखळात रानफुलं ठेवली. आणि काय सांगू, लोकांचे पाय थांबायला लागले! फोटोवर फोटो. फक्त जेवायला कुणी आत जाईना. का, तर तात्यांनी 'पिठलं-भाकरी मिळेल' ही पाटी सुपाखाली झाकली होती. लोकांना वाटायचं, हे जुन्या घराचं प्रदर्शन आहे. एका बाईनं तर तिकीट कुठं मिळतं म्हणून विचारलं. मावसभाऊ हात जोडून म्हणाला, तात्या, पाटी तेवढी बाहेर काढा. तात्या म्हणाले, "पाटी लय भडक हाय रे. लूक मारते."

खरं सांगू? सुंदर दिसतं त्यांचं घर. दिवसभर मशीन मारून कंबर मोडलेली असते, चढण जीव घेते, आणि वळणावर त्या ओटीचा कंदील दिसतो, तेव्हा माझाही पाय थांबतो. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. डोक्यावर बसतील माझ्या.

पण ही सगळी आरास अर्ध्याच घराची. मघाशी मी मधल्या खांबापर्यंत म्हटलं ना, ते उगाच नाही. त्या खांबाच्या पलीकडचं अर्धं घर त्यांच्या थोरल्या भावाचं, सीतारामदादांचं. दादा मुंबईत घाटकोपरला, आणि त्यांच्या दाराला कित्येक वर्षांचं कुलूप. तात्यांचं तोरण मधल्या खांबाशी येतं आणि सुरीनं कापावं तसं थांबतं. नेच्याची शेवटची करवंटी खांबाच्या अलीकडे, पलीकडे नुसता काळा वासा. अंगणात तुळस अगदी मधोमध, तर तिला गेरूसुद्धा अर्ध्याच अंगाला. मी एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, तुळस काय भावकीत वाटून घ्यायची वस्तू आहे?"

"दुसऱ्याच्या दुकानाच्या काचेला हात लावायचा नाय," तात्या म्हणाले. "आमच्या लायनीत ते पाप."

हे झालं कसं, तेही सांगते. मी पाहिलंय सगळं, लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते तेव्हा. आमच्याकडे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, दाराला 'नवं' बांधतात. भाताची नवी लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान, अशी जुडी. पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं वर्षभर सण करायचा नाही, दाराला काही बांधायचं नाही. दार बोडकं दिसलं की लोक काय ते समजतात. तात्या रिटायर होऊन नुकतेच आले होते, आणि त्या साली त्यांची आई आषाढात शेतात वाकून लावणी करून आली आणि श्रावणात गेली. कोजागिरीला तिनंच लावलेलं भात निसवून उभं होतं. तात्यांनी त्यातली पहिली लोंबी कापली, नवं बांधलं आणि दाराला लावलं.

नेमके त्याच दिवशी दादा महिन्याच्या विधीसाठी मुंबईहून आले, सोबत चार नातेवाईक. दाराला झेंडू बघून ते अंगणातच थबकले. मग तरातरा पुढे झाले आणि नवं ओरबाडून काढलं. "आई मेली रे आपली!" ते ओरडले. "आनि तू दुकान मांडलंस?"

"आईनं लावलेलं भात हाय, दादा," तात्या म्हणाले. "पयली लोंबी तिच्याच दाराला नको?"

दादांनी ते ऐकलंच नाही. रीतीनं बघितलं तर चूक तात्यांचीच होती, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. पण लोंब्या अंगणात पडल्या होत्या, आणि त्या एकेक करून वेचणारा माणूस बघून मला जे वाटलं, ते रीतीत बसणारं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात दादांनी गवंडी आणला आणि माजघरात मधोमध भिंत घातली. आपल्या बाजूला कुलूप लावून गेले, ते पुन्हा वस्तीला म्हणून आले नाहीत. शिमग्याला पालखीसाठी गावी यायचे, देवळातूनच परत फिरायचे.

तात्या मात्र शिमगा आला, गणपती आले, की दोन दिवस आधी चादर लावायचे. सगळा जीव ओतायचे त्या अर्ध्या ओटीवर. मुंबईकरांच्या गाड्या यायला लागल्या की माझ्याकडे येऊन आडून आडून विचारायचे, "दादा येतोय असं काय ऐकलंस काय गो?" आणि एकदा, बहुधा थकले होते म्हणून, सरळ बोलून गेले. "एकदा नुसतं म्हनू दे त्यानं, शांत्या, माझ्या दारालापन बांध. बास. बाकी काय नको मला." मग मला कळलं, जाणाऱ्याचा पाय थांबला पाहिजे म्हणजे कुणाचा. त्या दिवसापासून कातरणं मी रंगावारी लावून ठेवायला लागले.

दादा काही तसं म्हणाले नाहीत. या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, सकाळी सकाळी घाटकोपरहून फोन आला. दादा गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. माझे मिस्टर तात्यांना घेऊन रिक्षानं वीर स्टेशनला गेले आणि मिळेल त्या गाडीनं मुंबईला पोहोचवून आले. तोंड बघायला मिळालं, एवढंच समाधान. इंदूकाकी, म्हणजे दादांची बायको, तात्यांशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेरावं होईपर्यंत तात्या तिथं एका कोपऱ्यात बसून होते म्हणे, कुणी चहा दिला तर घेत, नाही दिला तर नाही.

परत आले ते नुसते अर्धे झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटी झाडत होते, तर हे स्टुलावर चढलेले. चादरबिदर काही नाही, सगळ्यांच्या देखत. आधी करवंट्या काढल्या. मग इरलं उतरवलं. तेरडा घागरीतून उपसून ओढ्याला नेऊन सोडला. कंदील आत ठेवला. तुळशीचा गेरू ओल्या फडक्यानं पुसायला बसले, तेव्हा माझ्यानं राहवेना.

"तात्या, गणपती चार दिवसांवर आलेत. हे काय करताय?"

"वरीस पाळतोय."

तेवढ्यात धोंडूआबा काठी टेकत आले. त्यांनी समजावलं, "शांताराम, तुला रं कशाला वरीस? तेरावं झालं, तू मोकळा. वरीस त्यांच्या घरानं पाळायचं. तुमच्या चुली येगळ्या झाल्या कधीच्या."

"कधी झाल्या?" तात्यांनी फडकं खाली ठेवलं. "भिंत झाली, आबा. चूल येगळी कुठं झाली? आईची चूल माझ्या अंगाला ऱ्हायली. दादानं त्याच्या अंगाला चूल मांडलीच नाय. इतकी वरसं तिकडं एक भाकर भाजली नाय. मंग या घरात चुली किती, तूच सांग."

आबा भावकीचे सगळे नियम कोळून प्यालेले.  पण तेही काठी उचलत "एकच," एवढं म्हणून निघून गेले.

त्या घरात या साली गणपती आला नाही. आमच्या आरतीला तात्या आले, पण अंगणात उभे राहिले. गिऱ्हाईक बसल्या बसल्या मला विचारायचं, तुमच्या शोकेसवाल्यांचं दुकान बंद का हो? मी कात्री चालवत राहायचे. खरं तर चढण चढून आले की वळणावर मला रडू यायचं. रोज दिसणारं दिसलं नाही की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हे कुणाला सांगायचं?

कोजागिरीच्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून मी स्टँडावर आले, तर समोरून इंदूकाकी. मुंबईच्या गाडीतून उतरलेल्या, हातात एक पिशवी, कपाळ मोकळं. मला ओळखलं त्यांनी. आम्ही एकाच रिक्षात बसलो.

"पावसात कौलं फुटली असतील गो," काकी म्हणाल्या. "पोरगा कामाला, कोन बघनार? ह्यांनी कधी येऊ दिलं नाय. म्हटलं, एकदा जाऊन बघून येऊ. सकाळच्या गाडीनं परत."  मग म्हणाल्या, "आजच यायला नको होतं. आज नव्याची पुनव. भावजींच्या दाराला थाट असंल. बाजूला आमचं दार बोडकं. मान खाली घालीन, कुलूप काढीन, आत जाईन."

मला तोंड आहे, हे मी आधीच सांगितलंय. पण त्या दिवशी रिक्षात मी गप्प बसले. वाटलं, ही गोष्ट माझ्या तोंडून यायला नको.

रिक्षा खाली थांबली. आम्ही चढण चढायला लागलो. आबांच्या दाराला नवं, आमच्या दाराला नवं, बंद घरांच्या कड्यांनासुद्धा शेजारपाजाऱ्यांनी जुड्या अडकवलेल्या. काकी खरंच मान खाली घालून चालत होत्या. आपल्या अंगणात आल्या, पिशवीतून किल्ली काढली, आणि मग डोळे वर केले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटी मोकळी होती. दोन दारं, दोन्ही बोडकी. मधला खांब होता तिथंच होता, पण त्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, ते आता सांगता आलं नसतं. मलाही त्या क्षणी पहिल्यांदाच दिसलं की हे केवढं मोठं घर आहे.

तात्या ओटीवर चवळी सोलत बसले होते. गडबडीनं उठले, तर मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "या वयनी," म्हणाले, आणि शेंगा गोळा करायला वाकले.

काकी बघतच राहिल्या. "भावजी, आज नवं नाय बांधलंत?"

"नाय. दादाला वरीस कुठं झालं अजून?"

"तुमाला काय त्याचं? तुमची चूल..."

"तुमची पन हीच हाय, वयनी," तात्या म्हणाले. "दुसरी कुठं मांडलीत तुमी?"

काकींनी किल्लीकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या तिथंच तुळशीपाशी रडल्या, मोठ्यानं, नवरा गेल्यावर बाई रडते तशी. मी पुढे झाले, तर हातानंच मला थांबवलं. डोळे पुसले, किल्ली पिशवीत टाकली, तात्यांच्या दाराच्या पायरीशी चपला काढल्या आणि खाली वाकून आत गेल्या.

तात्या खांबाला धरून उभे. आतून आधी भांड्यांचा आवाज आला, मग लाकडं सारल्याचा, मग फुंकणीचा. धूर दारातून बाहेर यायला लागला.

"भावजी," आतून हाक आली, "साखर कुठं ठेवता वो?"

घराच्या आतून कुणी त्यांना हाक मारून काही विचारलं, त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे.  मी सांगू का, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.  गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मग खांब सोडला, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "थांबा वयनी, आलो, आलो!" आणि आत गेले.